रोश हाशानासाठी चिकाचा हलवा : गहू भिजवण्यापासून काप पाडण्यापर्यंत

गव्हाच्या चिकाच्या हलव्यात तूप पडत नाही. गाईम्हशीचं दूधही पडत नाही. हे अगदी सुरुवातीला सांगते, कारण हल्ली या हलव्याच्या ज्या कृती हातोहात फिरतात, त्यांत शेवटी 'वरून दोन चमचे साजूक तूप' असं बऱ्याचदा लिहिलेलं असतं. चवीला ते वाईट लागणार नाही. पण ज्या जेवणासाठी हा हलवा करायचा, त्या जेवणात मग तो चालत नाही.

ते जेवण रोश हाशानाचं. तिश्री महिन्याचे पहिले दोन दिवस, यहुदी वर्षाची सुरुवात. आमच्या, म्हणजे कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांच्या, जुन्या पिढ्या याला नव्याचा सण म्हणायच्या. सणाच्या रात्री मटण असतं, आणि आमच्या आहारनियमांत, म्हणजे कश्रुतमध्ये, मांस आणि दूध एका जेवणात येत नाही. मटण जेवल्यावर दुधातुपाचं काही खायचं तर कित्येक तास थांबावं लागतं. म्हणजे बासुंदी, श्रीखंड, तुपातला शिरा, सगळंच बाद. मग सणाचं गोड कशाचं करायचं? कोकणात परसात नारळ होता. गव्हाचा चीक, नारळाचं दूध आणि साखर, एवढ्यावर हा हलवा होतो. तो ना मांसाचा ना दुधाचा. अशा पदार्थाला पारवे म्हणतात, आणि मटणाची ताटं उचलल्या उचलल्या तो वाढता येतो. तुपाचं काम नारळाचं स्वतःचं तेल करतं. कसं, ते शिजवताना दिसेलच.

काही घरांत दूध घालूनही हा हलवा करतात आणि मांस नसलेल्या जेवणानंतर किंवा चहाच्या वेळी खातात. त्यात चूक काही नाही. इथे देते आहे तो मात्र नारळाच्या दुधाचा. माझ्या मते हलव्याची खरी चव त्यातच आहे.

आधी कॅलेंडर काढा

गहू भिजवल्यापासून हलवा ताटात ओतेपर्यंत चार-पाच दिवस जातात. त्यामुळे पहिलं काम कॅलेंडर बघायचं.

इब्री महिने चंद्रावर चालतात, म्हणून रोश हाशाना अमावस्येच्या पाठोपाठ येतो. कधी भाद्रपद लागताना, कधी आश्विन लागताना. २०२५ साली घटस्थापना आणि रोश हाशानाची पहिली संध्याकाळ एकाच दिवशी, २२ सप्टेंबरला आली होती. २०२६ मध्ये सण ११ सप्टेंबरला, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि १४ तारखेला गणपती बसतात. म्हणजे नारळाला मागणी ऐन भरात असण्याचे दिवस. नारळ आठवडाभर आधी घेऊन ठेवा, सोलू नका. शेंडीसकट नारळ चांगले टिकतात.

दुसरी गोष्ट शब्बाथची. शनिवारी वाटणं, गाळणं, शिजवणं काही करायचं नाही. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत स्वयंपाकघरातलं हे काम बंद. अलिबाग, पेण, रोह्याकडे आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. ज्यांनी घाणा थांबवला त्यांनी हलव्याचं वाटणही शनिवारी काढलं नसणार. सणाच्या दोन दिवसांत, शनिवार सोडून, आधीपासून पेटलेल्या जाळावर रांधायची मुभा आहे, पण नवा जाळ पेटवायचा नाही. आणि दोन तास ढवळायचं काम सणात कोण घेईल? हलवा सण लागण्याआधी तयार हवा.

एक सोय मात्र आहे. इब्री पंचांगाची रचनाच अशी की रोश हाशानाचा पहिला दिवस रविवार, बुधवार किंवा शुक्रवारी कधीच येत नाही. राहिले सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार. म्हणजे चार वेळापत्रकं एकदा लिहून ठेवली की जन्मभर पुरतात.

पहिला दिवस शनिवार असेल (२०२६ मध्ये आहे, आणि २०२७ मध्येही, तेव्हा सण १ ऑक्टोबरच्या संध्याकाळी लागेल) तर रविवारी गहू भिजत घाला, बुधवारी सकाळी वाटा, गुरुवारी हलवा घाटा. शुक्रवार काप पाडायला आणि बाकीच्या स्वयंपाकाला मोकळा राहतो. चौघांत हे सगळ्यात सोपं वर्ष.

पहिला दिवस सोमवार असेल तर आधीच्या सोमवारी भिजत घाला, गुरुवारी वाटा, शुक्रवारी सकाळी शिजवून टाका. शुक्रवारी उरकलं नाही तर चीक पाण्याखाली ठेवून पातेलं फ्रीजमध्ये ठेवा आणि रविवारी सकाळी शिजवा.

मंगळवार असेल तर मंगळवारीच, सात दिवस आधी, भिजत घाला. शुक्रवारी सकाळी लवकर वाटा, संध्याकाळच्या आत एकदा पाणी बदला आणि पातेलं फ्रीजमध्ये ठेवा. शनिवारी हात लावायचा नाही. रविवारी शिजवा.

गुरुवार असेल तर शुक्रवारी दुपारी गहू भिजत घालून, संध्याकाळ व्हायच्या आत भांडं फ्रीजमध्ये सरकवा. शनिवारी चांदण्या दिसल्यावर पाणी बदलून भांडं बाहेर काढा. सोमवारी वाटा, मंगळवारी शिजवा.

पेसाखला, म्हणजे वल्हांडणाच्या सणाला, मात्र हा हलवा नाही. भिजलेला गहू म्हणजे हामेत्स, त्या सणाला वर्ज्य असलेलं फुगलेलं-आंबलेलं धान्य, आणि त्या आठ दिवसांत तो घरातही ठेवायचा नसतो.

काय काय लागेल

हे माप दोन मध्यम ताटांचं आहे. लहान काप पाडले तर साठ-सत्तर निघतात. घरात आठ-दहा माणसं जेवून शेजाऱ्यांकडे दोन ताटल्या जातील एवढे. वाटी म्हणजे २०० मिलीची.

अर्धा किलो गहू घ्या. लोकवन चांगला, बन्सीही चालतो. जुना, पोचट गहू नको, त्याला चीक कमी सुटतो. कोकण भाताचा मुलूख, तिथे गहू घाटावरून यायचा आणि सणासुदीलाच डब्यातून निघायचा; एक दाणाही वाया जाऊ नये असं वाटायला लावणारं हे धान्य होतं. गहू नीट निवडा. खडे-माती तर काढायचीच, पण किडा-अळीही डोळ्यांत तेल घालून बघायची, कारण कश्रुतमध्ये किडा चालत नाही. परातीत पांढऱ्या कापडावर मूठ-मूठ पसरून बघितलं की चुकत नाही.

नारळ तीन, मोठे. साखर तीन वाट्या; गोड जास्त आवडत असेल तर साडेतीन. वेलचीपूड दीड चमचा, अर्ध्या जायफळाची पूड, मीठ अगदी चिमूटभर. ते विसरू नका, नारळाची चव मिठाशिवाय उघडत नाही. वरून लावायला मूठभर बदाम आणि पिस्त्यांचे काप, दोन चमचे चारोळी.

रंग घरोघरी लाल किंवा गुलाबी असतो. हिरवा, केशरीही करतात, आणि न रंगवलेला दुधी पांढराही सुरेख दिसतो. रंगाच्या डबीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. कारमाइन, म्हणजे १२० क्रमांकाचा रंग, किड्यापासून काढतात, तो नको. कारमोइसिन हे नाव त्याच्यासारखं वाटलं तरी तो १२२ क्रमांकाचा वेगळा, कृत्रिम रंग आहे. त्यात किडा नाही. चांदीचा वर्ख मी लावत नाही. पूर्वी तो जनावराच्या आतड्याच्या पडद्यांत घालून कुटत असत, आणि हातातला वर्ख कशात कुटलाय ते सुट्ट्या पानांवरून कळत नाही.

भांडंही साहित्यातच धरा. जाड बुडाचा, चार-पाच लिटरचा, पसरट टोप आणि लांब दांड्याचं लाकडी उलथनं. घरात मांसाची, दुधाची आणि पारवे अशी भांडी वेगळी असतील तर टोप, उलथनं, ताटं, सुरी सगळं पारवेमधलं घ्या. ज्या टोपात रोज दूध तापतं त्या टोपात हा हलवा केला तर नारळाच्या दुधाचा सगळा खटाटोप फुकट जाईल.

गव्हाचा चीक काढणं

निवडलेला गहू तीन-चार पाण्यांनी धुऊन घ्या आणि दाण्यांच्या वर चार बोटं पाणी राहील असा मोठ्या पातेल्यात भिजत घाला. तीन दिवस भिजवायचा. पाणी सकाळ-संध्याकाळ बदलायचं. सप्टेंबरची हवा दमट आणि उबदार असते, एका वेळची टाळाटाळ झाली तरी पाण्यावर फेस येतो. बदलताना नुसतं ओतून पुन्हा भरू नका. दाणे हाताने खालवर करून एकदा खळबळून घ्या. दुसऱ्या दिवसापासून किंचित आंबूस वास येतो, तो ठीक आहे. कुजका, नकोसा वास आला किंवा पाण्याला तार सुटली तर तो गहू टाका. त्याची दुरुस्ती नाही.

तिसऱ्या दिवशी एक दाणा दोन बोटांत दाबून बघा. साल बाजूला होऊन आतून पांढरं दूध पुढे आलं पाहिजे. मधे कडक कणी लागली तर आणखी अर्धा दिवस द्या.

वाटताना दाण्यांच्या बरोबरीने पाणी घाला आणि मिक्सर थोडा थोडा, थांबत थांबत फिरवा. सलग फिरवला तर गव्हातला चिकट भाग तापतो, त्याच्या दोऱ्या वळतात आणि पात्याला गुंडाळून बसतात. आपल्याला दाण्याची साल फुटून आतलं दूध मोकळं व्हायला हवं, गंधासारखं वाटण नको. पाटा-वरवंट्यावर वाटणारे अजून आहेत. त्यांचा चीक पांढराशुभ्र निघतो, पण हाताची ताकद लागते.

वाटलेलं सगळं मोठ्या परातीत काढा, दोन-तीन तांबे पाणी घाला आणि हाताने चोळा, पिळा, पुन्हा चोळा. पाणी दुधाळ होईल. आधी पिठाच्या चाळणीतून गाळा, मग ते पाणी धोतराच्या ओल्या, पातळ फडक्यातून पुन्हा गाळा. चाळणीत राहिलेला चोथा परत मिक्सरमध्ये नवं पाणी घालून फिरवा आणि पिळा. तिसऱ्यांदाही करा. तिसरं पाणी बऱ्यापैकी पातळ दिसलं की समजा चीक संपला, हातात नुसतं चिवट रबर आणि भुसा उरला. तो चोथा टाकू नका. मीठ, तिखट, जिरं, तीळ घालून त्याच्या भुसवड्या घाला, उन्हात वाळवा. तळल्यावर खमंग होतात. पावसाळी हवा असेल तर शेजारच्या गोठ्यात द्या.

गाळलेलं दूध उंच, अरुंद पातेल्यात झाकून ठेवा आणि सहा-सात तास अजिबात हलवू नका. मग झाकण काढून बघा. वर पिवळसर, आंबूस पाणी. ते तांब्याने किंवा हळूच वाकडं करून काढून टाका. खाली चीक बसलेला दिसेल, पण घाई करू नका, तो एकसारखा नसतो. सगळ्यात वर करड्या-तपकिरी रंगाचा, बोटाला बुळबुळीत लागणारा पातळ थर असतो. तो गव्हाच्या चिकट भागाचा आणि बारीक कोंड्याचा. त्याच्या खाली पांढरा, घट्ट थर. बोट टेकवलं तर विरोध करणारा आणि दाब काढला की पुन्हा वाहायला लागणारा. आपला चीक तो. वरचा करडा थर चमच्याने खरवडून काढा, मग पांढऱ्या चिकावर नवं गार पाणी ओता, तळापासून ढवळा आणि पुन्हा रात्रभर बसू द्या. या दुसऱ्या धुण्याने आंबूसपणा जातो. कुरडयांच्या चिकाला थोडा आंबटपणा खपतो, किंबहुना चांगलाच लागतो. हलव्यात तो नारळाच्या चवीवर कुरघोडी करतो.

सकाळी वरचं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढा. अर्धा किलो गव्हाला साधारण दोन वाट्या घट्ट चीक मिळायला हवा. गव्हाच्या जातीप्रमाणे थोडं कमी-जास्त होईल. तुमचा चीक मोजा आणि नारळाचं दूध व साखर त्या प्रमाणात घ्या. एक वाटी चिकाला चार वाट्या नारळाचं दूध आणि दीड वाटी साखर, हे प्रमाण पक्कं लक्षात ठेवा.

नारळाचं दूध, दोन भागांत

हे काम शिजवायच्या दिवशीच करा. तीन नारळ खवून घ्या. खवताना करवंटीच्या कडेची तपकिरी साल येऊ देऊ नका, तिने पांढऱ्या हलव्याला मळकट छटा येते. खवलेल्या नारळात दोन वाट्या कोमट पाणी घालून मिक्सरमधून काढा आणि फडक्यात घट्ट पिळा. हे जाड दूध, तीन वाट्या व्हायला हवं. तोच चव पुन्हा पाच वाट्या कोमट पाण्यात दोन खेपांत फिरवून पिळा. हे पातळ दूध, पाच वाट्या. दोन्ही वेगवेगळी ठेवा, एकत्र ओतू नका.

वेगळी ठेवायचं कारण असं. चीक शिजायला भरपूर पाणी लागतं, ते पातळ दुधातून मिळतं. जाड दुधात नारळाचं तेल असतं आणि ते आपल्याला शेवटच्या टप्प्यात, साखर मुरल्यावर हवं असतं. पहिल्यापासून सगळं एकत्र उकळलं तर जाड दुधाची ताजी चव मरून जाते आणि हलव्याला शिळ्या खोबऱ्यासारखा वास येऊ शकतो.

हलवा घाटणं

आधी दोन ताटांना नारळाच्या तेलाचा पुसट हात लावून ठेवा. बदाम-पिस्ते चिरून ठेवा. रंग दोन चमचे पाण्यात विरघळवून ठेवा. एकदा गॅस लागला की टोपापासून हलता येत नाही, आणि दारावरची बेलही दुसऱ्या कुणी तरी उघडायची. शक्य असेल तर ढवळायला दोघं-तिघं असा. आमच्याकडे हे काम कधीच एकटीचं नसतं. एकीचा हात भरून आला की दुसरी उलथनं घेते, आणि मुलांनाही पाळी मिळते.

चीक टोपात गार असतानाच घाला, त्यात थंड झालेलं पातळ दूध थोडं थोडं ओतून हाताने गुठळ्या मोडा, चिमूटभर मीठ टाका. आता टोप गॅसवर ठेवा. गरम दुधात चीक ओतायचा नाही. गव्हाचा चीक साठ अंशांच्या आसपासच फुगायला लागतो, आणि गरम दुधात पडला की प्रत्येक थेंब बाहेरून शिजून आत कच्चा राहतो. त्या गाठी नंतर कितीही ढवळलं तरी मोडत नाहीत.

मध्यम आच. उलथनं तळाला घासत, कोपऱ्यांतून फिरवत राहा. पहिली सात-आठ मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं. मग एकाएकी तळाशी जड लागायला लागतं आणि मिनिटभरात सगळा टोप घट्ट होतो. इथे आच कमी करा आणि हात वाढवा. थोड्या गाठी दिसल्या तर उलथन्याने कडेला दाबून फोडा. हळूहळू पांढरा, अपारदर्शक रंग जाऊन मिश्रण काचेसारखं, किंचित दुधी-पारदर्शक दिसायला लागेल. एवढं होईपर्यंत साखर घालू नका. साखर पाणी ओढून घेते, चीक अर्धवट शिजतो आणि हलवा खाताना जिभेला पिठूळ लागतो. चवीला घेऊन बघा. कच्च्या पिठाची चव पूर्ण गेली पाहिजे.

आता साखर, तीन हप्त्यांत. साखर पडली की हलवा पुन्हा सैल होतो. घाबरू नका आणि चीक वाढवू नका. मंद-मध्यम आचेवर ढवळत राहा, वीस-पंचवीस मिनिटांत तो परत आळतो. याच वेळी रंग घाला, थेंबाथेंबाने. शिजल्यावर रंग गडद होतो, त्यामुळे हवा त्यापेक्षा फिकाच ठेवा.

मग जाड दूध, अर्धी अर्धी वाटी. प्रत्येक वेळी आधीचं पूर्ण जिरलं की पुढचं घालायचं. आता मिश्रण उडायला लागतं, फुगे मोठे होऊन फट्-फट् फुटतात, हातावर चटका बसतो. लांब बाह्यांचं काही तरी घाला, हाताला फडकं गुंडाळा, मुलांना या टप्प्यावर लांब ठेवा. सगळं जाड दूध जिरायला अर्धा-पाऊण तास लागतो.

यानंतर लक्ष टोपाच्या कडेकडे ठेवा. आधी हलवा कडेला चिकटून वर ओघळ सोडत असतो. मग कडा सुटायला लागतात. उलथनं फिरवलं की सगळा गोळा एकत्र वळतो आणि टोपाचा तळ क्षणभर कोरडा, स्वच्छ दिसतो. नीट बघितलं तर त्या तळाशी तेलाचे बारीक, चमकते मणी दिसतात. हे नारळाचं तेल. तूप घातलेल्या हलव्यात तूप सुटतं ते वरून घातलेलं. इथे जे सुटतं ते दुधातूनच, पाणी आटल्यावर मोकळं झालेलं. हलव्याला चकाकी याच तेलाने येते, तो ताटाला याच तेलामुळे चिकटत नाही. मणी दिसेपर्यंत धीर धरला तर तुपाची आठवणही येत नाही.

खात्री करायला थेंबभर हलवा थंड ताटलीवर टाका. दोन मिनिटांनी बोटाने उचला. बोटाला न चिकटता अख्खा उचलला गेला आणि दाबल्यावर परत फुगला तर झालं. चिकटला तर अजून दहा मिनिटं. चीक गॅसवर ठेवल्यापासून इथपर्यंत दीड ते दोन तास धरा. ज्या कृतीत चिकाचा हलवा अर्ध्या तासात होतो असं म्हटलंय, तिथे एक तर साखर कमी शिजलेली असते, नाही तर चीक.

गॅस बंद करायच्या आधी वेलची-जायफळ घाला. आधी घातलं तर वास उडून जातो.

ओतणं आणि काप

गरम असतानाच दोन ताटांत ओता, ताट दोन्ही हातांनी धरून ओट्यावर हलकेच आपटा म्हणजे आतली हवा निघते. जाडी बोटाच्या पेरापेक्षा कमी ठेवा. वाटीच्या बुडाला नारळाचं तेल लावून वरून सारखं करा. बदाम, पिस्ते, चारोळी लगेच पसरा आणि तळव्याने दाबा. हलवा निवला की सुकामेवा धरत नाही.

ताट झाकू नका. वाफ झाकणाला लागून परत हलव्यावर पडते आणि पृष्ठभाग चिकट होतो. जाळीचं झाकण किंवा पातळ फडकं पुरे. चार-पाच तास बाहेरच निवू द्या, मग धारदार सुरीला तेलाचा हात लावून शंकरपाळ्याच्या आकारात काप पाडा. काप सण लागायच्या आधी दुपारीच पाडून ठेवले तर सणाच्या रात्री नुसते वाढायचे.

बाहेर दोन दिवस टिकतो, त्यापुढे फ्रीजमध्ये आठवडाभर. फ्रीजमधला हलवा कडक होतो. खायच्या तासभर आधी बाहेर काढला की पुन्हा मऊ पडतो. डब्यात थर लावताना मधे बटर पेपर घाला. फ्रीझरमध्ये ठेवू नका. वितळताना पाणी सोडतो आणि भुसभुशीत होतो.

चीक काढायला वेळ नसेल तर

वाण्याकडे गव्हाचं सत्त्व मिळतं, ते वाळवलेला चीकच. २०० ग्रॅम सत्त्व घ्या, पाऊण वाटी पाण्यात तासभर भिजवा आणि दोन वाट्या चिकाऐवजी वापरा. बाकी कृती तीच, वेळही तेवढाच. घरच्या चिकाइतका लवचिक होत नाही, पण चव बरीच जवळ जाते. पाकिटावर दूध पावडर, साखर, वेलची असं काही मिसळलेलं नाही ना, तेवढं बघा. लहान मुलांसाठीच्या सत्त्वात ते बऱ्याचदा असतं.

कॉर्नफ्लोअर आणि चायना ग्रासचा झटपट हलवाही आता खूप घरांत होतो, भारतात आणि इस्राएलमध्येही. एक वाटी कॉर्नफ्लोअर, सहा वाट्या नारळाचं दूध, दोन वाट्या साखर. १० ग्रॅम चायना ग्रास दोन वाट्या पाण्यात अर्धा तास भिजवून, उकळून पूर्ण विरघळवायचं आणि हलवा आळल्यावर गाळून घालायचं. पाऊण तासात होतो, काप देखणे पडतात. चायना ग्रास समुद्री शेवाळाचं असल्यामुळे चालतं. त्याऐवजी जिलेटिन मात्र घेऊ नका, ते जनावराचं असतं. खाताना फरक कळतो. चायना ग्रासचा काप दाताखाली तुटतो, चिकाचा ताणला जातो. घाईच्या वर्षी तोही हलवाच. पण घरात ढवळायला तीन माणसं असतील तर चिकाचा करा.

परदेशात करताना

१९४८ नंतर आमची बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. लोद, रामला, अश्दोद, दिमोना, बेरशेवा इथल्या मराठी बोलणाऱ्या घरांत रोश हाशानाला हा हलवा होतो. खवणी आणि नारळ नसेल तर डब्यातलं नारळाचं दूध घ्या. ४०० मिलीचे दोन डबे आणि चार वाट्या पाणी, एवढं या मापाला बरोबर बसतं. दीड वाटी न मिसळता बाजूला ठेवा, ते जाड दूध. उरलेल्यात पाणी घाला, ते पातळ. नारळाच्या दुधाची पावडर घेत असाल तर पाकिटाची मागची बाजू वाचाच. त्यात पुष्कळदा सोडियम केसिनेट असतं, आणि ते दुधातलं प्रथिन आहे. नाव नारळाचं आणि आत दूध, म्हणजे तो हलवा पारवे राहिला नाही. हेख्शेरचा, म्हणजे कश्रुतच्या प्रमाणपत्राचा, शिक्का असलेल्या पाकिटावर तो पदार्थ दुधाचा की पारवे, हे लिहिलेलं असतं.

सणाच्या रात्री

किद्दुश, म्हणजे द्राक्षरसावरची प्रार्थना, झाल्यावर आधी शकुनाचे पदार्थ येतात : खजूर, डाळिंब, भोपळा, चवळी, मधात बुडवलेलं सफरचंद, प्रत्येकावर आपापली प्रार्थना. मग जेवण. हलवा जेवणानंतर. ज्येष्ठांना मऊ, मधले काप द्या. कडेचे जरा चिवट असतात आणि मुलांना तेच आवडतात. शेजाऱ्यांच्या ताटल्या सण लागायच्या आधी, दुपारीच पोचवा. त्यांच्याकडे उपास असेल तर विचारून घ्या, गव्हाचा पदार्थ उपासाला चालत नाही. आश्विनात रोश हाशाना आला की नवरात्राच्या उपासांशी गाठ पडतेच. अशा वर्षी त्यांच्यासाठी आठ-दहा काप डब्यात बटर पेपर घालून फ्रीजमध्ये वेगळे ठेवा आणि उपास सुटेल त्या दिवशी, तासभर आधी बाहेर काढून द्या. मात्र आठवडा उलटू देऊ नका. नऊ दिवसांचे उपास धरणाऱ्या घरी सुक्कोथच्या, म्हणजे त्याच महिन्यातल्या मांडवांच्या सणाच्या, आधी एक लहान ताट नव्याने करावं लागतं, आणि त्यासाठी थोडा चीक वाळवून ठेवलेला असला तर बरं पडतं.